मुलांच्या हातचं वाक्य

आईबाबांनो,

आपल्या तरुण संघाचं ‘व्हिजन’ आणि ‘मिशन’ लिहायला मुलं तीन शनिवार बसली. पहिल्या शनिवारी त्यांनी मोबाईलवरून कुठल्याशा मोठ्या चर्चची वाक्यं उतरवून आणली. इंग्रजी झकास होतं. “घरी आजीला याचा अर्थ सांगता येईल का?” एवढंच मी विचारलं. सगळी गप्प.

मग कार्डशीट पसरली. पाच वर्षांनी आपला संघ कसा दिसावा? हे व्हिजन. त्यासाठी उद्यापासून आपण काय करणार? हे मिशन. बराच वेळ कुणी पुढे येईना. शेवटी बारावीतल्या एका मुलीने स्केचपेनने कोपऱ्यात बारीक लिहिलं, ‘उपासनेनंतर माझ्याशी कुणी बोलत नाही.’ ती दर रविवारी कॉयरमध्ये गाते. आपल्यापैकी कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

त्या ओळीतून व्हिजन निघालं: ‘ख्रिस्ताच्या प्रीतीत आमच्यातला कुणीही एकटा पडणार नाही.’ आणि मिशन: शनिवारी मिळून पवित्र शास्त्र वाचायचं, शिकायला गावाहून आलेल्या मुलांना हुडकून आणायचं, दहावीच्या मुलांचं गणित करून घ्यायचं.

तुमच्यापैकी काहींना यात ‘सुवार्ता’ हा शब्द हवा होता, काहींना ‘शिस्त’. तुमची कळकळ मला कळते. पण आपण शब्द घातले की मुलं ते वाक्य आपल्यावरच सोडून देतील. तरुणांनी स्वतः लिहिलेलं टिकतं. वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना १८४४ साली लंडनमध्ये सुरू केली ती कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या २२ वर्षांच्या जॉर्ज विल्यम्सने, आपल्या सोबत्यांना घेऊन. १८५५ साली पॅरिसला जमलेल्या तरुणांनी तिचं ध्येय लिहिलं. ‘पॅरिस बेसिस’ म्हणून ते आजही मानलं जातं. त्या तरुणांत २७ वर्षांचा हेन्री ड्यूनांट होता, ज्याच्या ध्यासातून पुढे रेड क्रॉस उभी राहिली. आपली मुलं त्यांच्याहून थोडी लहान आहेत, एवढंच.

तुमच्याकडे मागणं एकच. शनिवारी संध्याकाळी क्लासची जादा बॅच लावू नका. आणि मूल घरी आलं की “आज कुणाकडे गेला होतात?” असं विचारा.

कार्डशीट उपासनालयाच्या मागच्या भिंतीवर लावतो आहे. एका बाबांनी प्रेमाने फ्लेक्स करून द्यायची तयारी दाखवली, पण मुलांना खाडाखोडीसकट तोच कागद हवा आहे. कोपऱ्यातली ओळ झाकू का, असं मी त्या मुलीला विचारलं. “राहू द्या,” म्हणाली.