अपुऱ्या राहिलेल्या ओव्या



बोदवडहून रेल्वेने जळगावला जाताना भुसावळनंतर भादली स्टेशन लागते. तेथेच ५ मे १९१८ रोजी बालकवी ठोंबरे रेल्वे अपघातात मरण पावले. आपल्याच जिल्ह्यातील धरणगावचा हा कवी. वय अवघे २७ वर्षे. काही काळ ते अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरी मुलासारखे राहिले होते. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही देवाघरी गेले.

टिळकांनी ओवीबद्ध येशूचरित्र, 'ख्रिस्तायन', लिहायला घेतले होते. ते अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंना लहानपणी शाळा मिळाली नव्हती. लिहावाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. तरी ते काम त्यांनी हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. टिळक कुटुंब आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते. पण दुःखातील विश्वासाचा हा धडा आपणा सर्वांसाठी आहे.

ख्रिस्ती आशा म्हणजे दुःख विसरणे नव्हे. लाजरसच्या कबरेपाशी प्रभू येशू स्वतः रडला. पुनरुत्थित प्रभूने थोमाला हात आणि कूस दाखविली, तेव्हा त्या जखमा पुसल्या गेलेल्या नव्हत्या. त्या तशाच होत्या, पण आता त्यांच्यातून मरण नव्हे, जीवन दिसत होते. संत थॉमस अक्वायनस शिकवितात की, आशा ज्या चांगल्या गोष्टीची करायची ती अजून पुढे असते, कठीण असते, तरीही देवाच्या साहाय्याने मिळू शकते. म्हणून "रडू नका, विश्वास ठेवा" असे शोकाकुल घरी जाऊन सांगणे बरे नव्हे. आधी त्यांच्याजवळ बसावे. अश्रू आणि विश्वास एकाच अंतःकरणात राहू शकतात.

५ आणि ९ मे या तारखा दरवर्षी पुनरुत्थान काळातच येतात. आपण आपल्या मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो, कबरेवर मेणबत्ती लावतो. हे योग्यच आहे. त्याबरोबर त्यांचे एक अपुरे काम हाती घेऊया: आईने लावलेले झाड, वडिलांनी राखलेला शेजारधर्म, भावाने धरलेला अबोला मिटविणे. प्रीतीने पुढे नेलेल्या कामात सौंदर्य उमलते.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेत एकमेकांना विचारा: आपल्या घरातून गेलेल्या माणसाचे कोणते चांगले काम अर्धे राहिले आहे? ते पुढे कोण नेणार?

प्रभू शोक करणाऱ्या प्रत्येक घराचे सांत्वन करो.

तुमचा धर्मगुरू