पुढे एमबीए करायचंय, मग इंजिनिअरिंगचं कॉलेज कसं निवडायचं?

व्हिडिओमध्ये वेळेअभावी राहिलेला हिशोब आज इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊनच बसा.

गेल्या आठवड्यात वारूळवाडीतल्या माझ्या दुकानात एक काका आले. टोमॅटोची शेती, मुलगा बारावी झालेला. पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून सीट मिळतेय, त्यासाठी जमिनीचा तुकडा विकायला काढलेला. म्हणाले, "पुढं एमबीए करायचंय ना, मग मोठ्या कॉलेजचं नाव लागतंच की!"

मी विचारलं, "काका, सगळं भांडवल पहिल्याच लागवडीत घातलं, तर पुढच्या लागवडीला रोपं कशानं आणायची?"

आता मुद्दे नीट बघा.

१. एमबीएला काय लागतं? कॅट परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या गटाला ५० टक्के गुण लागतात. शेवटच्या वर्षातही परीक्षा देता येते. निवडीच्या वेळी बऱ्याच आयआयएम दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि कामाचा अनुभवही बघतात. म्हणजे नावाजलेल्या कॉलेजात रडतखडत पास होण्यापेक्षा चांगले गुण जास्त कामाचे. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत तर राज्याच्या एमबीए सीईटीतूनही जाता येतं.

२. मग नावाला किंमत नाही का? आहे. कॅप राउंडमधून मेरिटवर सीओईपीसारखं, १८५४ पासूनचं कॉलेज मिळत असेल, तर डोळे झाकून घ्या. तिथून चांगली नोकरी लागते आणि तोच अनुभव एमबीएला उपयोगी पडतो. पण पैसे मोजून घेतलेलं नाव तेवढं काम करेलच असं नाही.

३. कॉलेजला काय विचारायचं? सर्वात मोठं पॅकेज विचारू नका. शेवटच्या वर्षाला किती मुलं होती, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली, मधलं पॅकेज किती आणि चार वर्षांत एकही विषय न राहता किती जण सुटले, हे विचारा. शक्यतो तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनाच विचारा.

४. हिशोब मांडा. समजा, पुण्यात फी वर्षाला १ लाखाने जास्त आणि राहणं-जेवण ८० हजार. चार वर्षांचे झाले ७ लाख २० हजार. आपल्याकडे कुरण, बेल्हे, ओतूर भागात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. घरून जाऊन-येऊन तेच पैसे एमबीएच्या फीसाठी राहतात. मात्र रोजच्या प्रवासात अभ्यासाचे किती तास जातात, तेही लिहा.

५. इंजिनिअरिंगची आवडच नसेल तर? मग चार वर्षं कशाला घालवायची? मी स्वतः बीबीए केलंय. तिथूनही एमबीएला जाता येतं.

आजचा गृहपाठ: तीन कॉलेजं निवडा. प्रत्येकासमोर चार वर्षांचा एकूण खर्च, निकाल, मधलं पॅकेज आणि एमबीएसाठी उरणारी रक्कम लिहा. मुलगा किंवा मुलगी शेजारी बसलेली असू द्या, कारण शिकायचं त्यांना आहे.

काकांनी दुकानातूनच एक वही घेतली. कॉलेज अजून ठरलेलं नाही, पण जमिनीचा व्यवहार तूर्त थांबवलाय. सध्या एवढं पुरे.

भेटू पुढच्या व्हिडिओत!