पातळी आणि परिमाण : छोट्या विमानातील इंधनाचे मापन

(इयत्ता ६ वी व ७ वी : गणित आणि सामान्य विज्ञान)

उद्देश : द्रवाची पातळी व त्याचे परिमाण यांतील भेद विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कृतीने कळावा आणि मापनाचा पडताळा पाहण्याची सवय त्यांना लागावी.

विषयविवेचन : रस्त्याने जाणाऱ्या मोटारीतील पेट्रोल संपले, तर ती कडेला उभी करता येते. आकाशात तशी सोय नाही. इंधनाअभावी इंजिन बंद पडले, की विमानाला खाली उतरावेच लागते. मग खाली शेत असो, तळे असो वा वस्ती असो. म्हणून टाकीत इंधन किती आहे, हे उड्डाणापूर्वीच जाणून घेणे हे वैमानिकाचे कर्तव्य होय.

अमेरिकेत १९३८ ते १९४७ या काळात तयार झालेल्या ‘पायपर कब’ या दोन आसनांच्या विमानात ही योजना अगदी साधी आहे. चालकाच्या समोर, इंजिनाच्या मागे सुमारे ४५ लिटरची टाकी असते. तीत बुचाचा तुकडा तरंगतो आणि त्याला जोडलेली तार झाकणाच्या छिद्रातून वर डोकावते. इंधन घटेल तशी तार खाली जाते. परंतु तार वाकून छिद्रात अडकली, तर टाकी रिकामी होत आली तरी ती वरच राहते. उलट, बूच इंधन शोषून जड झाले, तर असलेले इंधनही कमी भासते.

१९५६ साली विक्रीस आलेल्या ‘सेस्ना १७२’ या चार आसनांच्या विमानात टाक्या दोन्ही पंखांत असतात. तेथे तरंगत्या गोळ्याच्या दांड्यामुळे विद्युत्प्रवाह कमीअधिक होतो व चालकापुढील काटा फिरतो. विमान कलले, की इंधन टाकीच्या एका बाजूस सरकते आणि काटा डोलू लागतो.

यास्तव केवळ काट्यावर विसंबणे इष्ट नव्हे. विमान सपाट जागी उभे करून, पंखावरील झाकण उघडून आत मापकाठी सोडतात व काठी कोठवर ओली झाली ते लगेच पाहतात. कारण हे इंधन चटकन उडून जाते. काठीवरील खुणा मनाने करावयाच्या नसतात. टाकीत मोजून थोडे थोडे इंधन ओतावयाचे आणि दर वेळी खूण करावयाची. टाकीचा आकार बदलला, की खुणाही बदलतात. म्हणून एका जातीच्या विमानाची काठी दुसऱ्यास चालत नाही. शिवाय पंख मुळाशी किंचित खाली उतरता असल्यास तळाशी थोडे इंधन असूनही काठी कोरडीच वर येते.

वर्गातील कृती : एक कढई, एक वाटी, एक काठी व पाणी घ्यावे. कढईत वाटी वाटी पाणी ओतून प्रत्येक वेळी काठी मधोमध उभी धरावी व ओल्या जागी खूण करावी. वरच्या खुणा जवळ जवळ येतात, हे विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावे. नंतर कढई एका बाजूस कलती करून काठी त्याच जागी धरावी. पाणी तेवढेच असता खूण का बदलली, याचे उत्तर मुलांनीच शोधावे. ही कृती पाण्यानेच करावी. पेट्रोल वा रॉकेल वापरू नये.

स्वाध्याय :

१. कढईतील खुणा सारख्या अंतरावर का येत नाहीत? कोणत्या आकाराच्या भांड्यात त्या सारख्या अंतरावर येतील?

२. टाकीत ४५ लिटर इंधन आहे व ताशी १८ लिटर खर्च होते. अर्ध्या तासाचे इंधन राखून ठेवल्यास विमान किती वेळ उडवावे?

३. काटा ३० लिटर दाखवितो व काठी २० लिटर दाखविते. वैमानिकाने काय करावे? (फरकाचे कारण सापडेपर्यंत कमी आकडाच खरा मानावा, हे चर्चेतून निघावे.)