गंजावर रंग चढवू नका
जुनी मॉरिस मायनर घरी दुरुस्त करण्यातून कारागिरांनी घ्यावयाचा धडा



नवे थान कापणाऱ्यापेक्षा जुन्या शालीला रफू करणाऱ्याचा हात अधिक सावध असावा लागतो. नव्या मालात काय आहे ते कापणाऱ्याला ठाऊक असते. जुन्या मालात काय दडले आहे ते आधी शोधावे लागते. गाड्यांचेही तसेच आहे. आपल्या वाचकांत डेंटर, पेंटर, वेल्डर, सीट शिवणारे आणि भंगाराचे व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आज ब्रिटनमधील एका लहान जुन्या गाडीचे उदाहरण घेऊ. तिचे नाव मॉरिस मायनर. तेथे सामान्य नोकरदार माणसेही ही गाडी घराच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने उभी करतात. ते काम कोणत्या क्रमाने होते आणि त्यात प्रामाणिकपणाची कसोटी कोठे लागते, हे पाहण्यासारखे आहे.

गाडीची ओळख

मॉरिस मायनर १९४८ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. तिचा आराखडा अलेक इसिगोनिस यांचा. त्यांचा जन्म १९०६ साली उस्मानी साम्राज्यातील स्मर्ना शहरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर येथे झाला. पुढे १९५९ साली आलेली मिनी ही गाडीही त्यांचीच. मायनरचा नमुना तयार झाल्यावर तो त्यांना अरुंद वाटला. तेव्हा त्यांनी तो मधोमध उभा कापला, दोन्ही भाग चार इंच दूर सरकवले आणि गाडी तेवढी रुंद केली. बोनेटच्या मधली सपाट पट्टी ही त्याचीच खूण आहे.

ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे ही गाडी बनत असे. १९६० च्या अखेरीस तिने दहा लाखांचा टप्पा गाठला. ब्रिटनमधील दुसऱ्या कोणत्याही गाडीने तोवर एवढी मजल मारली नव्हती. १९७१ साली उत्पादन बंद झाले तोपर्यंत १६ लाखांहून अधिक मायनर तयार झाल्या होत्या. आपल्या देशात हिंदुस्तान मोटर्सने हीच गाडी ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने काढली होती. पुढे आलेली अॅम्बॅसॅडर ही मायनरची थोरली बहीण मॉरिस ऑक्सफर्ड हिच्यावरून घेतलेली. म्हणून आपल्या जुन्या मिस्त्रींना या घराण्याची रचना परकी नाही.

आधी परीक्षा, मग सौदा

मायनरला ट्रकसारखी वेगळी पूर्ण चेसिस नाही. दाराखालच्या पत्र्याच्या पेट्या, फरशी आणि खालचे आडवे-उभे खांब मिळूनच गाडीचा भार उचलतात. त्यामुळे दाराखालचा पत्रा सडला तर केवळ शोभा जात नाही, कणाच जातो.

घेणाऱ्याने चार जागा अवश्य पाहाव्यात. पहिली, दोन्ही दारांखालच्या पेट्या. दुसरी, फरशीखालचा आडवा खांब व त्याची टोके, कारण पुढच्या टॉर्शन बारची मागील टोके त्याच खांबावर बसवलेली असतात आणि जॅकही टोकांपाशीच लागतो. तिसरी, मागील कमानपाट्या जेथे गाडीला जोडल्या आहेत ती जागा. चौथी, पुढच्या मडगार्डाच्या आतील बाजू. मायनरच्या ट्रॅव्हलर नावाच्या प्रकारात मागचा सांगाडा अॅश जातीच्या लाकडाचा असतो. ते लाकूड शोभेचे नाही, भार घेणारे आहे. ते कुजले असेल तर दुरुस्ती सुताराकडूनच करून घ्यावी लागते.

परीक्षेची हत्यारे साधी आहेत. एक लोहचुंबक, एक बोथट स्क्रूड्रायव्हर आणि एक टॉर्च. चुंबक जेथे पकडत नाही तेथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे असे समजावे. जेथे डांबरासारखा काळा थर ताजा दिसतो तेथे मालकाच्या परवानगीने स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून आवाज ऐकावा. निरोगी पत्रा खणखणीत बोलतो, सडलेला पत्रा बोदा आवाज करतो.

हिशेब कागदावर

काम सुरू करण्यापूर्वी तीन रकमा लिहून काढाव्यात. गाडीची किंमत, सुट्या भागांचा व बाहेरच्या कामांचा खर्च, आणि आपल्या तासांची मजुरी. बहुतेक हौशी लोक तिसरी रक्कम लिहीतच नाहीत. समजा, गाडी २,००० पौंडांना मिळाली, माल ४,००० पौंडांचा लागला आणि ५०० तास खपले. तयार गाडी ८,००० पौंडांना गेली तर हातात २,००० पौंड उरले, म्हणजे तासाला फक्त ४ पौंड. छंद म्हणून हे चालेल. धंदा म्हणून हाच हिशेब आधी मांडणारा वाचतो, मागून मांडणारा बुडतो.

दुसरी गोष्ट, अर्धवट सोडलेली गाडी मूळ जुन्या गाडीपेक्षाही स्वस्तात जाते. खोक्यांत भरलेल्या सुट्या भागांवर कोणी भरवसा ठेवत नाही. म्हणून सगळी गाडी एकदम खोलू नये. एक भाग पुरा करावा, मग दुसऱ्यास हात घालावा. प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावावी आणि खोलण्यापूर्वी फोटो काढावा.

पत्राकामाचा क्रम

सर्वप्रथम बॅटरी काढावी. मायनरची पेट्रोलची टाकी मागे डिकीच्या तळाशी असते. ती उतरवून लांब ठेवावी. रिकामी टाकी सुरक्षित असते हा गैरसमज आहे, आतील वाफच अधिक धोक्याची. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर किंवा विटांवर विसंबू नये, भक्कम घोड्या लावाव्यात. टॉर्शन बार ताणलेले असतात, ताण कमी केल्याशिवाय पुढच्या चाकाची जुळणी खोलू नये.

दाराखालची पेटी कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या पट्ट्या लावून ती बांधून घ्यावी. तसे न केल्यास गाडी मध्यभागी वाकते, आणि नवी पेटी बसवल्यावर दार लागत नाही. एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी कापावी. दाराच्या भोवतीची फट कापण्यापूर्वी आणि नंतर मोजून वहीत लिहावी.

सडलेला पत्रा स्वच्छ धातू लागेपर्यंत कापावा. गंजावर नवा तुकडा टाकणे म्हणजे विरलेल्या कापडावर ठिगळ लावणे, टाका धरतो पण कापड फाटते. वेल्डिंग करताना आधी अंतराअंतरावर ठिपके घ्यावेत, मग आलटून-पालटून थोडे थोडे जोडत अखंड शिवण पुरी करावी. एका दमात लांब शिवण ओढली तर उष्णतेने पत्रा वेडावाकडा होतो. शेवटी पेटीच्या आत मेणाचा थर फवारावा, कारण गंज आतून बाहेर येतो.

चाक, ब्रेक आणि इंजिन

मायनरचा एक जुना दुखणा भाग आहे. पुढच्या चाकाची किंगपिन ज्या आट्यांच्या ट्रनियनमध्ये फिरते त्यांना वेळच्या वेळी ग्रीस लागते. ग्रीस चुकले, आटे झिजले की खालचा सांधा निसटतो आणि चाक कोलमडते. चार-दोन रुपयांच्या ग्रीसवर माणसाचा जीव अवलंबून आहे.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फरशीच्या खाली असतो. हात पोहोचणे कठीण, म्हणून अनेकजण तो तसाच सोडतात. असे करू नये. जुन्या ब्रेक-शूच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडा पॉलिश पेपर घासू नये, पाणी लावून घासावे. नवीन टू-पॅक रंगातील आयसोसायनेट फुप्फुसाला घातक आहे. साध्या रुमालाने भागत नाही, बाहेरची ताजी हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल तर रंगाचे काम बाहेर द्यावे. हलाल रोजी कमावताना आरोग्य गमावणे शहाणपणाचे नाही.

मायनरचे इंजिन १९४८ साली ९१८ सीसीचे होते. १९५२ पासून ८०३, १९५६ पासून ९४८ आणि १९६२ पासून १०९८ सीसीचे आले. ही नंतरची तिन्ही इंजिने एकाच घराण्यातील. त्यांचे हेड बिडाचे आहे. शिसेयुक्त पेट्रोल ब्रिटनमध्ये सन २००० पासून बंद झाले, तेव्हापासून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर झीज होते. हेड उतरवले असेल तर कडक धातूच्या सीटा बसवून घ्याव्यात. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. ते जुने रबरी पाइप खाते, म्हणून पाइप नवीन प्रतीचे घालावेत. वायरिंगची एक खुबी ध्यानात ठेवावी. या गाडीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. आजच्या गाड्यांत याच्या उलट असते. नवा रेडिओ न पाहता जोडला तर जळतो.

आतील कापडकाम

येथे कापडवाल्याचे दोन शब्द ऐकावेत. सीटचे जुने कव्हर फाटले म्हणून फेकू नये. त्याची शिवण उसवून तोच नमुना म्हणून वापरावा. कापड, रेक्झिन किंवा गालिचा जेवढा लागेल तेवढा एकाच वेळी, एकाच लॉटमधून घ्यावा आणि वर अर्धा वार जास्त घ्यावा. दोन लॉटची शेड दुकानातील दिव्याखाली सारखी भासते, उन्हात मात्र फरक उघडा पडतो. आणि पत्राकाम, वायरिंग, ब्रेक संपल्याशिवाय सीट शिवायला देऊ नये. ठिणगीने नव्या कापडाला भोक पडायला वेळ लागत नाही.

खरी कसोटी

आता मुख्य मुद्दा. वर सांगितलेले बहुतेक काम रंग चढल्यावर दिसत नाही. पेटीच्या आत नवा पत्रा आहे की जुन्या गंजावर लांबी, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. चकचकीत रंग दोघांवरही सारखाच चढतो. नेमक्या याच ठिकाणी काही कारागीर घसरतात.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातील धान्याच्या ढिगाजवळून जात असता त्यांनी ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. पाऊस पडणे हा त्याचा दोष नव्हता. ओले धान्य खाली आणि कोरडे वर, हा दोष होता. गाडी गंजणे हाही कारागिराचा गुन्हा नाही. पन्नास-साठ वर्षांचे लोखंड गंजणारच. तो गंज रंगाखाली ठेवून पैसे घेणे हा गुन्हा आहे. शिवाय ओल्या धान्याने गिऱ्हाइकाचे पैसे जातात, सडलेल्या पेटीने त्याच्या मुलाबाळांचा जीव जाऊ शकतो.

म्हणून इलाजही तोच, ऐब वर ठेवावा. पत्रा कापल्यावर, वेल्डिंग झाल्यावर आणि प्रायमर लावल्यावर असे तिन्ही वेळचे फोटो काढावेत. प्रत्येक भागाची पावती जपावी. जे काम केले नाही तेही बिलावर लिहावे, उदाहरणार्थ ‘मागील कमानपाटीची जागा तपासली, बदललेली नाही’. जुन्या गाडीच्या बाजारात अशा फाइलमुळे गाडीवर विश्वास बसतो आणि भावही चांगला येतो. ब्रिटनमध्ये २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या व मोठा फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणी सक्तीची नाही. पण गाडी रस्त्यालायक ठेवण्याची जबाबदारी मालकावर कायम आहे. सरकारी तपासनीस नसला की कारागिराची दियानतदारी हीच तपासणी उरते.

आपल्याकडे काय?

भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. नवीन नोंदणीची फी २० हजार रुपये व मुदत दहा वर्षे, नूतनीकरणाची फी ५ हजार रुपये ठरवण्यात आली. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. याचा अर्थ, मूळ पत्रा हातोडी-डॉलीवर जसाच्या तसा घडवू शकणाऱ्या हाताला किंमत आहे. श्रीलंकेतील कारागिरांनी १९९० च्या दशकात मॉरिस मायनरचे पत्रे घडवून थेट ब्रिटनला पाठवले. ज्या देशात गाडी जन्मली त्याच देशाने तिचे अंग बाहेरून मागवले. आपल्या मुलांच्या हातात हे कसब नाही असे कोण म्हणेल?

कसब वडिलांकडून मिळते, हत्यार बाजारात मिळते. विश्वास मात्र एकेका कामातून स्वतःच कमवावा लागतो. तेव्हा बंधूंनो, पुढची गाडी दारात आली की रंगाचा डबा उघडण्यापूर्वी खाली वाका, टॉर्च लावा आणि जे दिसेल ते मालकाला दाखवा. सौदा थोडा लहान होईल, पण इन्शाअल्लाह त्यात बरकत असेल.