स्थानदर्शक यंत्र : वारीतील उपयोग व हाताळण्याची रीत



आषाढी वारीत संस्थानच्या दिंडीबरोबर शिधासामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर आणि औषधोपचाराची गाडी असते, हे आपणांस ठाऊकच आहे. या तिन्ही वाहनांवर दात्यांच्या साहाय्याने उपग्रहाधारित स्थानदर्शक यंत्रे बसविण्यात आली आहेत. एक यंत्र विणेकऱ्यांच्या मागे चालणाऱ्या सेवेकऱ्याच्या झोळीत असते. याशिवाय वृद्ध वारकऱ्यांच्या गळ्यात अडकविता येतील अशी लहान यंत्रेही संस्थानच्या कार्यालयात मिळतात. यंत्र घेणाऱ्यांस त्याची नीट ओळख व्हावी आणि दात्यांसही आपल्या देणगीचा विनियोग कळावा, या हेतूने ही माहिती देत आहोत.

उपग्रह आपणांस पाहत नाही

यंत्र गळ्यात घातले की वरून उपग्रह आपल्यावर नजर ठेवतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. उपग्रह केवळ बोलतात. ऐकण्याचे काम यंत्राचे. ज्यास आपण जी.पी.एस. म्हणतो ती अमेरिकेची योजना असून तिचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येक उपग्रहात अत्यंत अचूक अणुघड्याळ असते. ‘आता इतके वाजले आणि मी येथे आहे’ एवढाच संदेश तो अखंड प्रक्षेपित करीत राहतो. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी त्यास खाली पोहोचण्यास सेकंदाचा अल्पसा अंश लागतो. त्या विलंबावरून यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी हिशेबात 300 मीटरांची चूक पडते, म्हणून घड्याळाचे एवढे महत्त्व. तीन उपग्रहांची अंतरे मिळाली की जागा ठरावयास हवी. परंतु आपल्या यंत्रातील घड्याळ साधे असल्याने त्याची चूक काढण्यास चौथा उपग्रह लागतो. चार उपग्रह ऐकू आल्यावाचून खात्रीची जागा कळत नाही.

2000 सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळीत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरांपर्यंत चुकत असे. ते बंद झाल्यानंतर मोकळ्या माळावर साधे यंत्रही पाच-दहा मीटरांपर्यंत अचूक जागा सांगू लागले. आपल्या देशानेही 2013 पासून स्वतःचे असे उपग्रह सोडण्यास आरंभ केला आणि 2016 मध्ये त्या योजनेस ‘नाविक’ हे नाव मिळाले. अलीकडची बरीच यंत्रे दोन्हींचे संदेश ऐकतात.

येथवर यंत्रास स्वतःची जागा कळली. ती इतरांस कळविणे हे निराळे काम आहे आणि त्यात उपग्रहांचा काहीही भाग नाही. त्यासाठी यंत्रात मोबाईलचे सिम असते. मोबाईलच्या जाळ्यातून यंत्र आपली जागा संगणकाकडे पाठविते, तेव्हा कोठे ती कार्यालयातील नकाशावर उमटते. जाळे नसेल तर यंत्रास सर्व ठाऊक असते, पण सांगता येत नाही.

लोणंदचा प्रसंग

हा भेद न समजल्याने काय होते, ते आम्ही स्वतः अनुभविले आहे. 2023 च्या वारीत लोणंदहून तरडगावकडे प्रस्थान झाल्यावर आमच्या दिंडीतील अकरा वृद्ध माता गावाबाहेर रस्त्याकडेला बसून राहिल्या. टँकर अजून लोणंदमध्येच असल्याचे नकाशात दिसत होते, म्हणून सेवेकऱ्याने त्यांस सांगितले, “माउली, टँकर मागेच आहे. येथेच थांबा, पाणी घेऊन मगच निघा.” त्या दीड तास उन्हात थांबल्या. टँकर मात्र केव्हाच पुढे जाऊन तरडगावच्या तळावर उभा होता. वाटेत चांदोबाचा लिंब येथे उभ्या रिंगणासाठी एवढी गर्दी लोटली होती की मोबाईलचे जाळे पूर्ण कोलमडले होते. यंत्र बिघडलेले नव्हते. सायंकाळी जाळे मोकळे होताच त्याने साठवून ठेवलेल्या सर्व जागा ओळीने पाठविल्या आणि टँकर कोणत्या क्षणी कोठे होता ते नकाशावर स्पष्ट दिसले. एका मातेस भोवळ आली होती. दुसऱ्या दिंडीतील माउलींनी पाणी दिले म्हणून निभावले.

चूक सेवेकऱ्याच्या पाहण्यात होती. नकाशावरील खुणेखाली ‘शेवटची नोंद’ म्हणून वेळ लिहिलेली असते, ती त्याने वाचली नाही. तेव्हापासून संस्थानने असा नियम केला आहे की, कोणासही जागा सांगताना वेळेसह सांगावी : “नऊ वाजून दहा मिनिटांनी लोणंदमध्ये होता.” नोंद वीस मिनिटांहून जुनी असेल तर तिच्यावर विसंबून कोणासही थांबवू नये, पुढे जाऊ द्यावे. काही यंत्रे ग्रिनिचची वेळ दाखवितात. ती आपल्या घड्याळाहून साडेपाच तास मागे असते. सकाळी अकराची नोंद साडेपाचची दिसू लागली तर घाबरू नये, कार्यालयास कळवून वेळ दुरुस्त करून घ्यावी.

यंत्राची सिद्धता

सिम संस्थानच्या नावे घेतलेले असते. ते यंत्रात घालण्यापूर्वी साध्या मोबाईलमध्ये घालून इंटरनेट चालते की नाही ते पाहावे व त्यावरील कुलूप-क्रमांक काढून टाकावा. कुलूप राहिले तर यंत्र मुकेच राहते.

वर्षभर कपाटात ठेवलेले यंत्र प्रथम चालू करताना मोकळ्या आकाशाखाली पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. सर्व उपग्रहांच्या वेळापत्रकाची माहिती एका फेरीत मिळण्यास साडेबारा मिनिटे लागतात. सभामंडपात बसून ‘जागा दाखवीत नाही’ अशी तक्रार दरवर्षी होते. मंडपाच्या सिमेंटच्या छतातून हे क्षीण संदेश आत येत नाहीत.

वाहनावर यंत्र बसविताना पत्र्याखाली बसवू नये. ताडपत्री, काच व प्लास्टिक यांतून संदेश जातो, लोखंडातून जात नाही. चालकासमोरील काचेखालची जागा उत्तम. वीज थेट बॅटरीवरून, मध्ये फ्यूज घालून घ्यावी. किल्लीच्या जोडणीवरून घेतल्यास गाडी बंद होताच यंत्रही बंद पडते आणि मुक्कामी उभा असलेला ट्रक नकाशावरून नाहीसा होतो. ट्रकची बॅटरी बहुधा 24 व्होल्टची, जीप-टेंपोची 12 व्होल्टची असते. दोहोंवर चालेल असेच यंत्र असल्याची जोडणीपूर्वी खात्री करावी.

किती वेळाने जागा कळवावी, हे आपण ठरवून द्यावयाचे असते. टँकरसाठी एक मिनिट ठेवावे, कारण ताशी 40 किलोमीटरने तेवढ्यात तो सहाशे-सातशे मीटर पुढे जातो. चालणारा वारकरी पाच मिनिटांत फार तर साडेतीनशे मीटर जातो. त्याच्या यंत्रास पाच मिनिटे पुरेत. गळ्यातील यंत्रावर एक मिनिट ठेवल्यास बॅटरी दिवसभरही पुरत नाही असा अनुभव आहे. रोज रात्री मुक्कामी ते चार्जिंगला लावणे ही घेणाऱ्याच्या सोबत्याची जबाबदारी समजावी.

गळ्यातील यंत्र घेणाऱ्यांसाठी

यंत्र सदऱ्याच्या किंवा पदराच्या वर असावे. पिशवीत डब्याखाली ठेवलेल्या यंत्रास आकाश दिसत नाही. त्यावरील लाल कळ तीन सेकंद दाबून धरल्यास दिंडीप्रमुखांच्या व घरच्यांच्या मोबाईलवर निरोप जातो. ही कळ प्रस्थानाच्या आदल्या दिवशी सर्वांसमक्ष एकदा दाबून पाहावी.

विसरभोळेपणाचा विकार असलेल्या माता-पित्यांस यंत्र घालावयाचे असल्यास त्यांस विश्वासात घेऊन सांगावे. न सांगता पिशवीत टाकलेले यंत्र पिशवीसकट मागे राहते. नकाशाचा दुवा घरच्या दोघा-तिघांपुरताच ठेवावा, गटागटांतून पाठवू नये.

पंढरपुरात विशेष सावध राहावे. महाद्वार परिसरातील अरुंद बोळांत उंच भिंतींवर आदळून संदेश वाकडे येतात व खूण शेजारच्या बोळात दिसू शकते. माणूस एके जागी बसलेला असतानाही खूण थोडी इकडेतिकडे सरकते. यंत्र आपणांस जवळपास नेऊन सोडील, गर्दीतून माणूस ओळखणे आपलेच काम. म्हणून यंत्रासोबत नाव, गाव, दिंडी क्रमांक आणि घरचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात असलीच पाहिजे. आजवर हरवलेली बहुतेक माणसे चिठ्ठीमुळेच सापडली, हे आम्ही दात्यांसमोरही मोकळेपणाने मान्य करतो.

हिमालयातील यात्रेविषयी

बदरी-केदारला निघालेले भाविक हीच यंत्रे मागण्यास येतात. ती तेथे देण्यात येत नाहीत. ज्या दरीत मोबाईलचे जाळे नाही तेथे आपले यंत्र मुके आहे. जून 2013 मध्ये केदारनाथच्या महापुरात दूरध्वनी बंद पडून यात्रेकरूंच्या नातलगांस कित्येक दिवस वार्ता मिळाली नव्हती. अशा ठिकाणी उपयोगी पडते ते थेट उपग्रहाकडे बोलणारे संकटसूचक यंत्र. ते 406 मेगाहर्ट्झवर हाक देते. ती हाक 1982 पासून अवकाशात कार्यरत असलेल्या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव योजनेचे उपग्रह टिपतात. भारतातील तिचे नियंत्रण केंद्र इस्रोतर्फे बंगळूर येथे चालते. प्रत्येक यंत्राचा सांकेतिक क्रमांक मालकाच्या नावासह नोंदविलेला असावा लागतो, तरच हाक कोणाची ते बचाव-पथकास कळते. चाचणीसाठीही खरी कळ दाबावयाची नसते. त्यासाठी यंत्रावर वेगळी चाचणी-कळ असते.

परदेशातील आप्तांकडून उपग्रह दूरध्वनी किंवा उपग्रहावरून निरोप पाठविणारी यंत्रे मागविण्याचा मोह मात्र कृपया टाळावा. शासनाच्या परवान्यावाचून ती भारतात बाळगणे गुन्हा आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी महिलेस केवळ असे यंत्र सामानात असल्याने अडविण्यात आले होते. संस्थानकडे असा परवाना नाही. चारधामास जाणाऱ्यांनी उत्तराखंड शासनाची सक्तीची नोंदणी करावी, मुक्कामांचा क्रम व परतीचा दिवस लिहून घरी ठेवावा आणि जाळे मिळताच निरोप द्यावा. संकटसमयी 112 हा क्रमांक फिरवावा. परतीच्या बसविषयी एक सूचना : 1 जानेवारी 2019 पासून नव्याने नोंद झालेल्या प्रवासी बसगाड्यांत स्थानदर्शक यंत्र व संकटकाळची कळ असणे आवश्यक आहे. गाडी ठरविताना ती कळ कोठे आहे, ते चालकास विचारून घ्यावे.

गळ्यातील यंत्रे प्रस्थानापूर्वी आठ दिवस कार्यालयात अनामत ठेवून मिळतील व पौर्णिमेच्या काल्यानंतर परत घेतली जातील. परत करताना यंत्र बंद करून द्यावे आणि वाटेत ते कोठे मुके झाले ते ठिकाण वहीत लिहावे. पुढील वर्षी त्या टप्प्यावर टँकरबरोबर एक सेवेकरी सायकलीवर ठेवण्याची व्यवस्था त्यावरूनच केली जाते.