उन्हात जाऊ नको, काळी पडशील

मे महिन्याची सुट्टी लागली की हे वाक्य गॅलऱ्यागॅलऱ्यांतून ऐकू येतं. मुलं बॅट घेऊन खाली उतरतात आणि वरून हाक येते, "अगं, उन्हात जाऊ नको, काळी पडशील!" हाक मुलीलाच येते. तिचा भाऊ त्याच उन्हात खेळत असतो; त्याला फार तर "टोपी घाल." मुलीला एका दमात दोन गोष्टी कळतात. काळं होणं वाईट, आणि ते तिच्यापुरतंच वाईट. वर खेळायचं मैदानही जातं. ऊन कडक असतं हे खरंच. मग "ऊन लागेल, पाणी पिऊन जा" असं म्हणा, आणि दोघांनाही म्हणा.

ही हाक मारणारी आई दुष्ट नसते. "नाकीडोळी नीटस आहे, रंग तेवढा दबलेला" हे तिने स्वतःबद्दल ऐकलेलं असतं, तेही पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बश्या ठेवताना. लेकीला ते ऐकावं लागू नये, एवढीच तिची धडपड. काळजीच्या पोटी येतो म्हणूनच हा भेदभाव आपला आपल्याला दिसत नाही.

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. 'माझं कुटुंब' काढायला दिलं की मुलं एकमेकांकडे 'स्किन कलर' मागतात. तो खडू फिकट गुलाबी असतो. वर्गातल्या एकाही हाताचा रंग तसा नसतो. एका मुलीने आईला आणि स्वतःला त्या खडूने रंगवलं, बाबांना मात्र तपकिरी. का गं, असं विचारलं तर म्हणाली, "बाबा काळे चालतात." सहा वर्षांच्या मुलीला हे कोणी समोर बसवून शिकवलेलं नाही. बारशाला, लग्नघरी, डाळीच्या पिठाने अंग चोळताना मोठी माणसं जे सहज बोलतात, त्यातून तिने ते वेचलं.

अमेरिकेत 1940 च्या सुमारास केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, असं विचारल्यावर बहुतेकांनी गोरी दाखवली. मग "तुझ्यासारखी कोणती?" हा प्रश्न आला आणि काही मुलांना रडू फुटलं. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये या कामाचा आधार घेतला. शाळेत पाऊल टाकण्याआधीच मूल स्वतःला कमी लेखायला शिकतं, हे वाचून मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

बुद्धीचंही तेच. तिथल्याच 2017 च्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुली 'खूप खूप हुशार' माणूस म्हणून बाईकडे, मुलगे पुरुषाकडे दाखवत तितक्याच सहज, बोट दाखवत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुली ते कमी करू लागल्या. मुलींना गुण चांगले मिळतात, हे मात्र त्याही मान्य करत होत्या. पालकसभेत मला हे नेहमी ऐकू येतं: "मुलगी अभ्यासू आहे हो, मुलगा हुशार आहे पण आळशी." म्हणजे तिचं यश कष्टाचं आणि त्याचं अपयशसुद्धा हुशारीचं! दोघंही शेजारी उभे राहून ऐकत असतात.

पार्लरमध्ये केस कापणारी मणिपूरची ताई आपल्या घरात 'ती चायनीज मुलगी' होते, तेही मूल ऐकतं. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या दिसण्यावरून टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि तो गेला. मारणारी मुलंही कुठल्यातरी घरातच वाढली होती. त्या ताईचं नाव विचारा आणि घरी तिच्याबद्दल बोलताना त्याच नावाने बोला.

घरकामाचंही असंच. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडतानाचं चित्र दिलं. असं चित्र दाखवलं की काही मुलं खुदकन हसतात. ज्यांच्या घरी बाबा रोज भाजी निवडतात, ती हसत नाहीत. बाबांनो, तुमच्याकडून मला एवढंच हवंय. महिला दिनाचा एक दिवसाचा स्वयंपाक नको. रोजचा एखादा डबा भरा, आणि "आईला मदत करतोय" असं म्हणू नका.

नातेवाइकांचं काय, असं तुम्ही हमखास विचारता. मावशी दारातच म्हणते, "अगंबाई, किती काळवंडलीस!" तेव्हा मुलगी मावशीकडे बघत नाही, तुमच्याकडे बघते. मावशीशी भांडू नका, पण गप्पही बसू नका. "रोज पोहायला जाते ना, आता खोल पाण्यातही उतरते," असं तिच्यादेखत सांगा. मावशी गेल्यावर समजूत काढण्यापेक्षा हे बरं, कारण तोवर मुलीने तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ लावलेला असतो.