कढई कुणाच्या घरी चढावी?

प्रश्न : दिवाळीच्या तोंडावर आम्ही घरातले सगळे मिळून फराळाचे पुडे बांधतो आणि आमच्या भागातल्या गरजू घरांत नेऊन देतो. गेल्या वर्षी एका घरातल्या आजी म्हणाल्या, "लाडू-चिवडा नको गं बाई, त्यापरीस तेलाची पिशवी आन् साखर दे." तेव्हापासून माझी मुलगी विचारतेय, आयता फराळ मिळत असताना कुणी तेल का मागेल? मलाही नीट सांगता आलं नाही. फराळ द्यावा की शिधा? – एक वाचक, कराड

उत्तर : मुलीला सांगा, त्या आजींना दिवाळी नुसती खायची नव्हती, करायची होती.

आपल्याकडे दिवाळी सुरू होते ती कढई चढते तेव्हा. तळणाचा वास जिन्यात येतो, पोरं ओट्याभोवती घुटमळतात. सोऱ्यातून पाडलेली पहिली चकली तेलात विरघळते, मग मोहन जास्त झालं की भाजणीच बिघडली यावर घरात वाद होतो. अनारसा तुपात हसला तर करणारी रडकुंडीला येते. शेजारीण हाताला पीठ असतानाच आत येऊन म्हणते, "मीठ बघ गं जरा." बांधून आलेल्या पुड्यात यातलं काहीच नसतं. शिवाय ज्या बाईनं आयुष्यभर दहा जणांना फराळ करून घातला, तिला दुसऱ्याच्या हातचा लाडू दारात उभं राहून घ्यावा लागणं जड जातं. तेल-साखर मिळाली तर लाडू तिचा होतो, चव तिची होते, आणि शेजारी ताट पाठवायची सोयही होते.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. शेजारून आलेलं भांडं आपल्याकडे रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. फराळाच्या ताटांची चार दिवस जी ये-जा चालते, तिच्यात ज्या घरातून ताट निघू शकत नाही ते घर मुकाट्यानं बाजूला पडतं. शिध्यानं ते घर पुन्हा त्या ये-जा करणाऱ्यांत येतं. म्हणून तुमच्या पुढच्या खेपेला एखाद्या घरानं तुम्हालाच चहा पुढे केला, मूठभर शेंगा दिल्या, तर "नको नको" करू नका. बसा आणि घ्या. मुलांनाही घेऊ द्या.

सरकारनंही हाच मार्ग धरला होता, हे तुम्हाला आठवत असेल. 2022 च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' पहिल्यांदा आला, तेव्हा रेशन दुकानातून 100 रुपयांत एकेक किलो रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल असा संच होता. पुढच्या दिवाळीत मैदा आणि पोह्यांची भर पडली. यादी ज्यानं केली त्याला स्वयंपाकघर ठाऊक होतं, कारण तेवढ्यात रव्याचे लाडू होतात आणि डाळ दळून आणली की शेवही पडते.

पण म्हणून उद्यापासून सगळ्यांनाच शिधा द्या, असं मी म्हणणार नाही. तुमच्याच कराडच्या आसपास बघा. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, आणि राहायला उसाच्या फडाजवळ पाचटाची, ताडपत्रीची कोपी. बाई पहाटे अंधारात भाकरी थापून फडात जाते, मोळ्या बांधते, गाडी भरायला कधी रात्र होते. तीन दगडांच्या चुलीवर तिनं चकलीचा घाणा कधी काढायचा? तिथे तुमचा शिधा गोणीत पडून राहील. कोपीवर तयार फराळच न्यावा, तोही घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीला उंदीर आणि मुंग्या रात्रीत वाट पाडतात. पोरांच्या हातात देता येईल, फडात बांधून नेता येईल असं काही असावं: शंकरपाळी, शेव, कडक बुंदीचे लाडू. वीटभट्टीवरही असंच समजा.

मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या बाहेर मुक्काम ठोकलेल्या नातेवाइकांची गोष्ट आणखी वेगळी. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर गावाकडची माणसं उपचार संपेपर्यंत दिवस काढतात. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला चकली देऊन काय होणार? आधी विचारावं, काय चालतं. बरोबरच्या माणसाला मात्र फराळाचा एक पुडा आणि एक गरम जेवण, दोन्ही लागतं.

तेव्हा चूल कुणाकडे आहे आणि चुलीपाशी बसायला वेळ कुणाकडे आहे, हे बघा. दोन्ही असेल तिथे शिधा, नाही तर फराळ. आणि एक घर असं असतं, जिथे चूलही असते, वेळही असतो, पण कढई चढत नाही. वर्षभरात माणूस गेलेलं घर. त्या दिवाळीला तिथे तळण करत नाहीत, आणि शेजारपाजारचे, नातेवाईक न सांगता फराळाचे डबे आणून ठेवतात. गरीब असो वा श्रीमंत, त्या डब्यांची कुणाला लाज वाटत नाही, कारण उद्या आपल्या घरी तीच वेळ येऊ शकते हे आणणाऱ्यालाही माहीत असतं. आयतं देण्याची रीत आपण शिकायची तर या घरांतून. डबा ठेवायचा, चार शब्द बोलायचे, उठायचं.

शिध्यात काय असावं, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. चार-पाच माणसांच्या घराला रवा आणि बेसन एकेक किलो, साखर 2 किलो, तेल 2 लिटर, पातळ पोहे अर्धा किलो, थोडं डाळं, शेंगदाणे, सुकं खोबरं आणि चकलीची तयार भाजणी किलोभर. भाजणी घरी करायला सांगू नका, गिरणीपर्यंतचा तो व्याप नको. लाडवाला तूप परवडत नसेल तर डालड्याचा पुडा घाला, नाक मुरडू नका. सोऱ्या आहे का तेही विचारा. कित्येक घरांत पीठ असतं आणि साचा नसतो.

आता वेळ. हे सगळं वसुबारसेच्या निदान आठवडाभर आधी पोचलं पाहिजे. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं की फराळ पानात हवा, मग तळण त्याआधी उरकायला नको? याबाबतीत मला मुसलमानांचा फित्रा फार शहाणपणाचा वाटतो. रमजान ईदच्या निमित्तानं द्यायचं हे दान ईदच्या नमाजाआधी पोचतं व्हावं लागतं. नमाजानंतर दिलं तर ते साध्या दानात जमा होतं, फित्रा ठरत नाही. घरातल्या प्रत्येकामागे, अगदी तान्ह्या बाळामागेही, ठरलेलं माप द्यायचं. कोकणातल्या शाफी पंथाच्या घरांत माणशी सुमारे अडीच किलो तांदूळ धरतात. त्यामागचा विचार सरळ आहे: ईदच्या दिवशी कुणाला हात पसरावा लागू नये. आपल्याकडे मात्र बरंच वाटप भाऊबीज झाल्यावर सुचतं. तुळशीच्या लग्नापर्यंत सादळलेला चिवडा आणि डब्याच्या तळाचा चुरा कामवाल्या मावशींच्या पिशवीत घालून हात झटकणारी घरं तुम्हीही पाहिली असतील. त्याला वाटप म्हणू नये, डबे रिकामे करणं म्हणावं.

मुलांना न्यावं, जरूर न्यावं, पण ओझं उचलायला आणि निवडायला. वाण्याकडे यादी घेऊन मुलगी जाऊ दे, खोबरं खवट आहे का ती चाखून बघू दे, पिशव्या ती भरू दे. दारात तिला "दे गं, तुझ्या हातानं दे" असं म्हणून पुढे ढकलू नका. आणि तिच्या वर्गातल्या मुलाचं किंवा मुलीचं घर यादीत असेल तर त्या घरी तिला अजिबात नेऊ नका. तुम्ही एकट्याच जा, तेही संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी शाळेत एका बाकावर बसायचं असतं त्यांना. फोटोचं तर बोलायलाच नको. पिशवी हातात देतानाचा फोटो हवाच असेल तर वाण्याचं बिल देताना काढा.

घरं कोणती, हे अंगणवाडीच्या ताईंना विचारा. कुणाचा नवरा आजारी, कुणाचं काम सुटलं, कुणाकडे लेकरांसह माहेरी आलेली मुलगी आहे, हे त्यांना पंचायतीच्या यादीपेक्षा आधी कळतं. आणि गेल्या वर्षीच्या त्या आजींकडे यंदा सगळ्यात आधी जा. तेल-साखर द्या, भाजणी द्या, आणि मुलीला तासभर त्यांच्याजवळ सोऱ्या फिरवायला बसवता येईल का, ते त्यांनाच विचारा.